समुद्राचा सातबारा कोणाच्या नावे?

पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस होते. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या आणि माणसांना बोलायला सवड. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या प्रांगणात आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध कोळी बांधवाने मला थांबवले. हातात वर्तमानपत्राची घडी होती. त्यांनी विचारले, "फादर, जमीन भाड्याने देतात हे ठाऊक होते. आता समुद्रही भाड्याने देतात काय?"

मी म्हटले, "हो काका, देतात."

"मग मालक कोण? समुद्राचा सातबारा कोणाच्या नावे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेथे देता आले नाही. घरी येऊन मी कायदा, नियम आणि परदेशांतील अनुभव यांचे जमेल तेवढे वाचन केले. त्यातून जे हाती लागले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवतो आहे. काहींना ते कडू लागेल, त्याला माझा इलाज नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचा उद्योग डेन्मार्कमधील विंडेबी येथे १९९१ साली अकरा यंत्रांनिशी सुरू झाला. त्या साऱ्या यंत्रांची मिळून क्षमता पाच मेगावॉटही नव्हती. आज एकेका यंत्राची क्षमता त्याहून कितीतरी मोठी असते. आपल्या देशाने २०१५ साली या विषयाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०१८ साली २०२२ पर्यंत पाच हजार आणि २०३० पर्यंत तीस हजार मेगावॉट असे लक्ष्य सांगण्यात आले. २०२२ उलटून गेले, पण भारताच्या समुद्रात एकही पवनचक्की फिरली नाही. गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांपुढे प्रत्येकी आठ क्षेत्रे निश्चित झाली, २०२३ च्या डिसेंबरात समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम निघाले आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पहिल्या एक हजार मेगावॉटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानंतर काढलेल्या निविदा मात्र फळाला आल्या नाहीत.

"गुजरात आणि तामिळनाडूचे आम्हाला काय?" असे कोणी विचारील. तामिळनाडूची क्षेत्रे मन्नारच्या आखातात आणि कन्याकुमारीच्या बाजूला आहेत. त्या किनाऱ्यावरील परवर आणि मुक्कुवर हे मच्छीमार समाज सोळाव्या शतकापासून आपलेच श्रद्धाबंधू आहेत. ज्या संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला आपण जुन्या गोव्याला जातो, तो संत १५४२ साली त्यांच्याच झोपड्यांतून फिरत होता. गुजरातचे खंबायतचे आखात तर आपल्या वसई-डहाणूच्या उत्तरेला लागूनच आहे. मासा राज्याची सीमा ओळखत नाही आणि वाराही ओळखत नाही. आज आपला किनारा त्या नकाशात नाही. म्हणूनच बोलण्याची वेळ आज आहे. नकाशा छापून झाल्यावर बोलणाऱ्याला विकासविरोधी म्हणतात.

पवनऊर्जेला माझा विरोध नाही, हे येथेच स्पष्ट करतो. कोळशाचा धूर आणि तापणारा समुद्र यांची पहिली झळ मच्छीमारालाच बसते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात इंधने बदलण्याची निकड सांगितली आहे. त्याच परिपत्रकात, कोणताही प्रकल्प ठरण्यापूर्वीच्या चर्चेत स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असले पाहिजे, अशीही शिकवण आहे. आपल्याकडे पहिली गोष्ट व्यासपीठावरून ऐकू येते. दुसरी मात्र कोणाला आठवत नाही. माझे भांडण या सोयीस्कर विस्मरणाशी आहे.

नियोजनकर्त्यांचा पहिला भ्रम असा की समुद्र रिकामा आहे. कार्यालयातील नकाशावर तो निळा आणि कोरा दिसतो खरा. पण आमच्या कोळ्यांना विचारा. डोल जाळी ज्या खुंटांना बांधतात, ते खुंट समुद्राच्या तळात ठोकलेले असतात. त्या जागांना आमचे लोक कवी म्हणतात. कोणती कव कोणाची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. त्यासाठी तलाठ्याचा शिक्का लागत नाही. याच कवींच्या हद्दीवरून वसई-उत्तनकडचे आणि डहाणू-सातपाटीकडचे मच्छीमार वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडत आले आहेत. हे भांडण भूषणावह नाही, पण एक गोष्ट त्यातून निर्विवाद सिद्ध होते: रिकाम्या जागेसाठी कोणी भांडत नाही.

या वहिवाटीचा कोणताही उतारा सरकारी दप्तरात नाही. तेव्हा ज्याचा कागद नाही त्याची नुकसानभरपाई नाही, हे पुढचे सूत्र ओघानेच येते. यंत्रे उभारताना सभोवार सुरक्षा क्षेत्र लागते. तळातून वीजवाहक केबल जातात. ब्रिटनमध्ये चालू पवनक्षेत्रात मासेमारीला सरसकट बंदी नाही, तरी जाळे केबलमध्ये अडकण्याच्या भयाने ट्रॉलर दूरच राहतात. बेल्जियममध्ये तर प्रवेशच बंद आहे. ट्रॉलर निदान दुसरीकडे जाईल. भरती-ओहोटीच्या प्रवाहावर तोंड धरून बसलेली डोल कोठे जाणार?

आता भाड्याचे पाहू. २०२३ च्या नियमांनुसार वार्षिक भाडे एका चौरस किलोमीटरला एक लाख रुपये आणि पट्ट्याची मुदत पस्तीस वर्षे. वाचकांनी स्वतः हिशेब करावा. एक चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे २४७ एकर, अर्थात नऊ हजार आठशेहून अधिक गुंठे. गुंठ्याला वर्षाचे भाडे पडले दहा रुपये! वसईत गुंठ्याचा भाव काय आहे, हे प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. भाडे कमी ठेवले म्हणजे वीज स्वस्त होईल, असे समर्थन केले जाते आणि ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते दहा रुपयेही किनाऱ्यावर येत नाहीत, हे खरे शल्य आहे. ७,४५३ कोटींच्या योजनेत ६,८५३ कोटी प्रकल्पांची तूट भरून काढण्यासाठी आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. बेरीज करून पाहा. मच्छीमारासाठी बाकी शून्य उरते.

दुसरा भ्रम अधिक मोहक आहे: "प्रकल्प आला की रोजगार येणारच." याचे उत्तर स्कॉटलंडने दिले आहे. फाइफ हा तेथील जुन्या कोळसा खाणींचा परगणा. त्याच्या किनाऱ्यावर मेथिल आणि बर्न्टआयलंड येथे पोलादी सांगाडे बनवणारे कारखाने होते. समुद्रतळावर यंत्र पेलणारी जी नळ्यांची चौकट असते, तिला जॅकेट म्हणतात. ती घडवण्यात तेथील कामगार तेलाच्या काळापासून तरबेज. त्यांच्या जवळच्याच समुद्रात सीग्रीन नावाचे ११४ यंत्रांचे पवनक्षेत्र उभे राहिले, पण त्याची जॅकेटे चीन आणि संयुक्त अरब अमिरातीतून जहाजांवर लादून आली. बायफॅब ही फाइफची कंपनी डिसेंबर २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्यात सरकारने स्वतः भागभांडवल घातले होते, तरी ती तरली नाही. तिच्या किनाऱ्यावरून पात्यांचे फिरणे दिसत राहिले. पगार मात्र दुसऱ्या खंडात वाटला गेला.

स्कॉटलंडने त्यापासून धडा घेतला, पण अर्धाच. जानेवारी २०२२ मध्ये 'स्कॉटविंड' योजनेत सतरा क्षेत्रे सुमारे ७० कोटी पौंडांना देण्यात आली. प्रत्येक कंपनीकडून स्थानिक पुरवठादारांकडे किती काम जाईल याचे लेखी निवेदन घेण्यात आले. ही गोष्ट स्तुत्य आहे. मात्र भाड्याच्या बोलीला आधीच कमाल मर्यादा घातली होती आणि वचनभंगाचा दंड किरकोळ ठेवला होता, अशी टीका तेव्हाच झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कलगतच्या सहा क्षेत्रांना ४३७ कोटी डॉलर मिळाले. तथापि तेथेही जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी नवे पट्टे देणे थांबवले. तात्पर्य, नुसते चढे भाडे किनाऱ्याला तारत नाही आणि नुसते वचनपत्रही तारत नाही.

तारते काय, ते इंग्लंडमधील हल या बंदराने दाखवले. आइसलंडशी झालेल्या कॉड माशाच्या वादानंतर, १९७६ पासून, तेथील खोल समुद्रातील मासेमारी बुडाली. चाळीस वर्षांनी, २०१६ साली, त्याच बंदरात पवनचक्क्यांची प्रचंड पाती बनवणारा कारखाना उघडला. सीमेन्स कंपनी आणि बंदराचे मालक या दोघांनी मिळून ३१ कोटी पौंड घातले आणि सुमारे हजार जणांना काम मिळाले. कंपनी आली, कारण तेथे बंदर सुसज्ज होणार होते आणि समोरच्या समुद्रात एकामागून एक क्षेत्रांची मागणी वर्षानुवर्षे दिसत होती. एका सुट्या प्रकल्पासाठी कोणी कारखाना घालत नाही.

मग भारतात हे शक्य आहे का? ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्याच दाराशी पाहावे. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागले, तेव्हा विंधन करणारे 'सागर सम्राट' जपानमध्ये बांधलेले होते. पुढे त्याच तेलक्षेत्राचे पोलादी मंच माझगाव डॉकने न्हावा येथील आपल्या आवारात घडवले. जॅकेट हीच ती वस्तू. जमिनीवरील पवनचक्क्यांची पाती आणि खांब आपल्या देशात वर्षानुवर्षे बनतात. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत लेथ आणि वेल्डिंगच्या शेकडो लहान कार्यशाळा आहेत. आमची मुले आखातात जाऊन परक्यांच्या तेलमंचांवर वेल्डर म्हणून नावाजली जातात. हात आहेत, विद्या आहे. त्या हातांना येथेच काम देण्याचे बंधन मात्र कोणत्याही करारात नाही.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. काही मंडळींचा उपाय एकच: येईल त्याला विरोध. १९९० च्या दशकात परदेशी जहाजांना खोल समुद्रात मासेमारीचे परवाने दिले गेले, तेव्हा फादर थॉमस कोचेरी यांच्या नेतृत्वाखाली देशभरचे मच्छीमार उभे राहिले आणि शासनाला मुरारी समिती नेमावी लागली. तो लढा योग्यच होता. पण त्या लढ्याजवळ नुसता नकार नव्हता. अभ्यास होता, पर्यायी मागणी होती, संघटना होती. आपण मात्र आधी मोर्चा काढतो आणि मग, मोबदल्याचा आकडा वाढला की, एकेकटे जाऊन सही करतो. आपल्या वाड्यांचे काय झाले? जेथे केळी आणि पानवेली डोलत होत्या, तेथे इमारती उभ्या राहिल्या आणि मूळ मालकाचा मुलगा त्याच इमारतीच्या फाटकाशी पहारेकरी म्हणून उभा राहिलेला मी पाहिला आहे. समुद्राच्या बाबतीत याची पुनरावृत्ती व्हायची असेल, तर दोष केवळ दिल्लीचा असणार नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. एक, कोणताही पट्टा देण्याआधी मच्छीमार सहकारी संस्थांना बरोबर घेऊन कवींची आणि मासेमारीच्या क्षेत्रांची अधिकृत नोंद व्हावी. हाच समुद्राचा सातबारा. दोन, खाणींच्या जिल्ह्यांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. त्याच धर्तीवर समुद्रतळाच्या भाड्यातील वाटा किनाऱ्यावरील गावांच्या निधीत जावा. तीन, निविदेत केवळ विजेचा दर न पाहता स्थानिक कामाला गुण असावेत आणि वचन मोडणाऱ्याला झोंबेल असा दंड असावा. यंत्रांच्या देखभालीसाठी रोज ये-जा करणाऱ्या नौका चालवण्याचा पहिला हक्क मच्छीमार संस्थांना मिळावा. या समुद्राची वळणे त्यांच्याइतकी कोण जाणतो? चार, क्षेत्रांचे दहा-पंधरा वर्षांचे वेळापत्रक जाहीर व्हावे आणि किनाऱ्यावरील आयटीआयमध्ये त्याचे शिक्षण आधी सुरू व्हावे. आमच्या शिक्षणसंस्थांनीही यात मागे राहू नये. केवळ पदवीधर घडवण्याचा आमचा हव्यास मी याच पानांवर कबूल करतो.

जुन्या करारात अहाब राजाची कथा आहे. त्याने नाबोथच्या द्राक्षमळ्यासाठी किंमत देऊ केली होती, बदल्यात चांगला मळाही देऊ केला होता. व्यवहाराच्या दृष्टीने प्रस्ताव वाईट नव्हता. पण मळा म्हणजे नाबोथच्या वाडवडिलांचे वतन आहे, हे राजाला कळलेच नाही आणि न कळण्यातून पुढचा अनर्थ घडला. आमचे राज्यकर्ते अहाब आहेत असे मी म्हणत नाही. अजून काहीच बिघडलेले नाही, पट्टे दिलेले नाहीत, खुंट जागेवर आहेत. विचारण्याची वेळ हीच आहे.

त्या वृद्ध काकांना आता मी उत्तर देऊ शकतो. काका, समुद्राचा सातबारा अजून कोणाच्याच नावे लिहिलेला नाही. तो लिहायला बसतील, तेव्हा तुमची माणसे त्या मेजाशी हजर असली पाहिजेत. बंदी उठण्यापूर्वी आपण संस्थेची सभा लावू. आपल्या कवी कोठे आहेत, हे आधी आपणच कागदावर उतरवू.