टोचन करा, पण बंपरला हूक नको!

शहापूर-मुरबाडकरांनो, जरा स्पष्टच बोलतो. जुन्या ट्रकला टोचनचा हूक आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतात. त्यात कमीपणा काही नाही, आपल्या कारागिरांचा हात चांगला आहे. पण हूक बंपरला चिकटवला तर तो शोभेचाच. भरलेल्या गाडीचं वजन पेलायला बंपर नसतोच. हूक चासीच्या आडव्या मेंबरला, जाड प्लेट घालून, हाय-टेन्साईल बोल्टने आवळा. चासीवर चुकीच्या जागी वेल्डिंग मारलं की तिथलं लोखंड कमजोर होऊ शकतं आणि पुढे तिथेच तडा जाऊ शकतो.

दुसरं, शहापूरचा कसारा असो की मुरबाडचा माळशेज, घाट उतरताना साखळीवर विसंबू नका. इंजिन बंद म्हणजे हवा भरत नाही, ब्रेकचा भरवसा नाही. मागची गाडी थेट पुढच्या गाडीवर येते. तिथे लोखंडी दांडाच हवा.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या फेरफारावर बंधनं घालतं. पण हूक नीट कसा लावायचा, हे गॅरेजवाल्याला सांगणार कोण? आरटीओने पासिंगला लाईट बघतात तसा हूकही बघावा. स्वस्त हूकने मालकाचे दोन पैसे वाचतात, जीव मात्र मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जातो.

पटलं तर आपल्या ड्रायव्हर भावांपर्यंत पोचवा.