यादीबाहेरची मुले

आज १५ जुलै. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ साली हा दिवस जागतिक युवा कौशल्य दिन म्हणून जाहीर केला. मराठवाड्याला ही तारीख त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे, ती वेगळ्या कारणाने. १५ जुलै १९३२ रोजी नरहर कुरुंदकर जन्मले. हे दोन प्रसंग एकाच दिवशी यावेत हा योगायोग. पण आम्हाला तो मोलाचा वाटतो. ‘श्रीमान योगी’ला ज्यांची प्रस्तावना आहे, ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ ही ज्यांची पुस्तके आजही वाद घालायला बसलेल्या माणसाच्या हाती असतात, ते कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी होते. तेही एकाहून अधिक वेळा.

हे आज सांगावेसे वाटते, कारण वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागून गेल्यावर येणारा जुलै लातूर-नांदेडच्या घरांना फार जड जातो. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागात या दिवसांत खोल्या रिकाम्या होतात आणि लगेच भरतात. मुखेड, कंधार, अहमदपूर, निलंगा इथून आलेले वडील गादी, बादली आणि पुस्तकांची पेटी घेऊन जिने चढत असतात. जे उतरत असतात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी एकच प्रश्न चालू असतो, तो म्हणजे रिपीट मारायचे की नाही.

हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा लाखभर, आणि परवडणाऱ्या सरकारी जागा त्यांच्या निम्म्या. पाच-सहा एकर सोयाबीनवर चालणाऱ्या घराला खाजगी महाविद्यालयाची फी झेपत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे अभ्यास केलेली, हुशार म्हणावी अशी बहुसंख्य मुले यादीबाहेर राहणार, हे परीक्षेच्या आधीच ठरलेले असते. त्यात त्यांच्या आळसाचा किंवा घराण्याच्या नशिबाचा काही संबंध नाही. तरीही निकालाच्या रात्री ते मूल आपण आईवडिलांचे पैसे बुडवले असे मानून गप्प बसते, आणि शेजारपाजारचे लोक ‘किती पडले?’ एवढेच विचारतात. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर या दिवसांत ज्या बातम्या छापाव्या लागतात, त्या छापताना आमचा हात जड होतो. ही मुले नापास झालेली नाहीत. जागा संपल्या म्हणून ती बाहेर राहिली आहेत, आणि हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगणारे कोणी तरी प्रत्येक घरात असले पाहिजे.

ज्याला लातूर पॅटर्न म्हणतात, त्याची थोरवी आम्ही मनापासून मानतो. १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झालेला एक नवा, कोरडवाहू जिल्हा. राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही साध्या गोष्टी नेटाने केल्या. सुट्टीत वर्ग घेतले. अभ्यासक्रम लवकर संपवून उरलेला वेळ सरावाला दिला. चाचणी घ्यायची, उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात द्यायची, चूक कुठे झाली ते दाखवायचे आणि तेच उत्तर पुन्हा लिहायला लावायचे. दयानंद महाविद्यालयासह इतर संस्था त्या वाटेने आल्या. पुण्या-मुंबईच्या शाळांनी व्यापलेल्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे दिसू लागली. खेड्यातल्या मुलाला बुद्धी कमी नसते, त्याला सराव आणि मार्गदर्शन मिळत नाही, हे त्या पिढीच्या शिक्षकांनी सिद्ध करून दाखवले. वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पॅटर्नचा नंतर बाजार झाला आणि २०२४ च्या नीट पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत येऊन पोहोचला, याचे दुःख या भागातल्या प्रत्येक प्रामाणिक शिक्षकाला आहे. पण मूळ पद्धतीत खोट नव्हती.

त्या पद्धतीत जे सोने आहे, त्याकडे मात्र मुलांचे आणि पालकांचे दुर्लक्ष होते. आपली चूक आपणच शोधायची, ती पुन्हा होणार नाही अशी तजवीज करायची, दर आठवड्याच्या चाचणीत कमी गुण पडले तरी पुढच्या आठवड्याला हजर राहायचे: हे ज्याला दोन वर्षांत जमले, त्याच्याकडे नीटच्या गुणांपलीकडे टिकणारे काही आहे. कारखान्यात, इस्पितळात, संगणकाच्या कामात, स्वतःच्या धंद्यात हीच सवय माणसाला वर नेते. यादीबाहेर राहिलेला मुलगा ही सवय त्या खोलीतच सोडून येतो, कारण ती फक्त एका परीक्षेसाठी होती असे त्याला वाटते. आमच्या भागाचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते.

रिपीटला आमचा सरसकट विरोध नाही. आजारपणात परीक्षा गेली, एखादा विषय कच्चा राहिला, थोड्या गुणांनी जागा हुकली, तर आणखी एक वर्ष देणे रास्त आहे. पण पुढच्या वर्षी गुण नेमके कुठे आणि कसे वाढतील, हे मुलाला एका कागदावर लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल, तर ते वर्ष फक्त लोकांना उत्तर देणे टाळण्यासाठी घेतलेले असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला बसणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर घरच्यांनीच पुढे होऊन त्याला मोकळे करावे.

कुरुंदकरांकडे परत येतो. हैदराबादला शिकायला गेलेला हा मुलगा अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत रमला नाही. त्याच्याभोवती निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम पेटलेला होता आणि त्यातही तो ओढला गेला. त्याचे अफाट वाचन परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत बसत नव्हते. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत त्यांनी शिक्षकी केली, १९६३ साली एम. ए. झाले, पीपल्स कॉलेजात अध्यापक झाले आणि १९७७ साली त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे महाविद्यालय १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. नापास झाल्याने माणूस मोठा होतो, असा अर्थ कोणी यातून काढू नये. तशा गोष्टी सांगून मुलांना खोटा धीर देणे आम्हाला मान्य नाही. पाहण्यासारखे आहे ते मधल्या वर्षांकडे. शाळेत मास्तरकी करीत असताना त्यांनी वाचन थांबवले नाही. संगीतापासून मनुस्मृतीपर्यंत ज्या विषयात हात घातला, त्याच्या मुळापर्यंत गेले. आणि अडलेली पदवी नंतर रीतसर मिळवली, तिला तुच्छ लेखले नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते. एवढ्या थोड्या आयुष्यात हे सारे साधले, ते शिकणे कधी परीक्षेच्या तारखेशी बांधले नाही म्हणून.

दुसरे उदाहरण विद्वानांचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. जाड मातीची माळवदे अंगावर पडली म्हणून गेली. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात पडलेली गावे नव्याने बांधायची होती, आणि जी घरे तग धरून होती ती भक्कम करायची होती. त्यासाठी लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केले. डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या या बायका. त्या भिंतीतला सांधेदगड म्हणजे काय, छतावरचे मातीचे ओझे किती कमी करायचे, दारावरची पट्टी कुठून कुठे फिरवायची हे शिकल्या. गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. ज्युनिअर इंजिनिअरसमोर उभे राहून अनुदानाचा हप्ता का अडला ते विचारू लागल्या. चिकाटी हा शब्द आज भाषणांत फार स्वस्त झाला आहे. त्या बायकांना तो कोणी शिकवला नव्हता. त्यांच्यापुढे काम होते, ते शिकून घ्यावे लागले आणि ते अंगी आल्यावर गावातले त्यांचे स्थान बदलले. पुढे त्यांच्यातल्या अनेकींनी बचतगट चालवले, शेतीचे निर्णय हाती घेतले.

आता आजच्या जुलैपुरते. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. ३१ मार्च २०१८ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. वंदे भारतच्या शयनयान गाड्यांसाठी भारतीय आणि रशियन भागीदारीतल्या कंपनीची निवड झाली, तिच्या डब्यांसाठी हाच कारखाना ठरला. अशा कारखान्याला लागतो तो आरगॉन वेल्डिंग नेमके जमणारा हात. स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याला उष्णता जरा जास्त लागली की पत्रा वाकतो. हे पुस्तकातून कळत नाही, शेकडो वेळा जोड मारून कळते. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन आणि एसीचा मेकॅनिक, सोलार बसवणारा, परिचारिका, लॅब टेक्निशियन, प्रोग्रामर ही माणसे कोणत्याही उद्योगाला शोधावी लागतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तोही नर्सिंग आणि अशाच हातकामाच्या व्यवसायांसाठी. तिथे जायचे तर जर्मन भाषा शिकावी लागते, आणि बारावीला जीवशास्त्रातली क्लिष्ट नावे पाठ केलेल्या मुलाला भाषा शिकणे अशक्य नाही.

मात्र ही वाट सोपी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला पहिली एक-दोन वर्षे तुटपुंज्या पगारात काढावी लागतात. शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलेल्या मुलाला काही ठिकाणी काम शिकवण्याऐवजी नुसते राबवून घेतले जाते. शिल्पनिदेशकांच्या जागा रिकाम्या राहतात, यंत्रे जुनी असतात. आणि सर्वांत कठीण म्हणजे लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा आयटीआय आहे’ हे वाक्य अजूनही खाली मान घालून उच्चारले जाते. मुलांना कौशल्य शिका म्हणून सांगणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने, संस्थाचालकाने आणि संपादकानेही आपल्या घरातले मूल या वाटेवर गेले असते तर आपण काय म्हटले असते, हे आधी स्वतःला विचारावे.

तरी दार बंद होत नाही, आणि ही माहिती घरोघर पोहोचलेली नाही म्हणून इथे लिहितो. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आयटीआय झालेल्यालाही मिळतो. पदविका झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडला शासकीय तंत्रनिकेतन आणि विष्णुपुरीला श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. म्हणजे आज फिटर होणारा मुलगा काही वर्षांनी इंजिनिअर होऊ शकतो, तेही हातात काम असताना.

या दोन शहरांतल्या शिकवणी वर्गांकडे आमची एक मागणी आहे. निकालानंतर फलकावर निवड झालेल्यांचे फोटो लागतात, ते जरूर लावा. त्या मुलांनी कष्ट केले आहेत. पण ज्यांनी तुमच्याकडे तेवढीच फी भरली आणि ज्यांची निवड झाली नाही, त्यांना आणि त्यांच्या पालकांना जुलैमध्ये एकदा बोलावून घ्या. त्यांच्यासमोर तंत्रनिकेतनाचा एक प्राध्यापक, नर्सिंग कॉलेजची एक शिक्षिका, आयटीआयचा एक शिल्पनिदेशक आणि हरंगुळचा एक इंजिनिअर बसवा. मुलांना शंका विचारू द्या. प्रवेशाच्या फेऱ्यांची मुदत संपण्याआधी हे व्हायला हवे.