कुत्रं कुठल्या जातीचं?

मंडळी, आपण इथं बहुतेक जुन्या बेळगावच्या आठवणी लिहितो. वाडे, शाळा, शिवजयंतीचे चित्ररथ. आज मी जरा अलीकडची गोष्ट सांगणार आहे, आणि शेवटी माझं मतही. सगळ्यांना ते पटणार नाही, हे धरूनच लिहितोय.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी, माझी बायको आणि माझी थोरली बहीण, आम्ही तिघांनी घरासाठी अख्खं बेळगाव पालथं घातलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तळमजला, पुढं थोडं अंगण, एवढंच पाहिजे होतं. भाडं परवडत होतं, डिपॉझिट तयार होतं. अडचण एकच, चिंगी.

चिंगी ही अक्काची कुत्री. नाव चिंगी, जात रॉटवायलर, वजन ४२ किलो. खानापूरला असताना दाजींनी पिल्लू म्हणून आणली होती. २०२२ मध्ये दाजी गेले. अक्काला मूलबाळ नाही. तिथलं घर दिरांच्या वाटणीत गेलं, आणि अक्का दोन बॅगा आणि चिंगी घेऊन हिंदवाडीत आमच्या भाड्याच्या घरी राहायला आली. घरमालकांनी तेव्हा चिंगीला बघितलं, जरा दचकले, खरं काही बोलले नाहीत. दोन वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

मग १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं पत्र निघालं. कुत्र्यांच्या २३ जाती धोकादायक म्हणून त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, असं राज्यांना सांगितलं होतं. यादीत पिटबुल, रॉटवायलर, मॅस्टिफ, असली बरीच नावं. तोसा हे जपानी कुत्रं तर दोनदा होतं, आणि नुसतं ‘टेरियर’ असंही एक नाव. ज्यांच्या घरी अशी कुत्री आधीपासून आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी, एवढंच त्यात होतं. घरातलं कुत्रं हाकलून द्या असं कुठंच नव्हतं.

पण पत्र वाचतो कोण? मोबाईलवर आलं, ‘रॉटवायलरवर बंदी’. चौथ्या दिवशी मालक दारात उभे. चांगला माणूस, मी त्यांना दोष देत नाही. म्हणाले, “वरचे भाडेकरू घाबरलेत हो. एक तर कुत्रं सोडा, नाही तर मे अखेरपर्यंत घर बघा.”

१० एप्रिलला आपल्या कर्नाटक हायकोर्टानं ते पत्र रद्द केलं. ज्यांच्याशी संबंध आहे त्यांचं म्हणणं ऐकून न घेताच ते काढलंय, हे त्यातलं मुख्य कारण. मी बातमी घेऊन मालकांकडं गेलो. त्यांनी शांतपणे वाचली आणि म्हणाले, “कोर्ट बेंगळुरात हाय, शेजारी हितं हाईत.”

याला उत्तर नव्हतं. कायद्याचं तेवढ्यात सांगून टाकतो, कारण याबद्दल खूप गैरसमज आहेत. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात. सोसायटीनं बहुमतानं ठरवलं तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. पण ते सोसायटीबद्दल झालं. घरमालक आणि भाडेकरू यांचा करार हा दोघांच्या राजीखुशीचा. नको म्हणणाऱ्या मालकाच्या घरात त्या सूचनांचा कागद नाचवून शिरता येत नाही, आणि शिरलं तरी सुखानं राहता येत नाही.

तर आम्ही हिंडायला लागलो. टिळकवाडी, भाग्यनगर, शहापूर, वडगाव, राणी चन्नम्मानगर. फोनवर सगळं छान चालायचं. कुठं काम करता, किती माणसं, नॉनव्हेज चालतं काय. शेवटी मी म्हणायचो, एक कुत्रं आहे. “कुठल्या जातीचं?” रॉटवायलर म्हटलं की फोन बंद.

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. माझे वडील वडगावात हातमागावर होते. माझ्या लहानपणी घर बघायला गेलं की मालक आधी विचारायचे, “कुठले? कुणापैकी?” आडनाव सांगितलं की काही ठिकाणी दार तिथंच लागायचं. वडील परत येऊन आईला म्हणायचे, घर अंधारं होतं. त्यांचं बघितलेलं प्रत्येक घर अंधारंच कसं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून चिंगीची जात विचारली की माझं डोकं तापायचं. खरं अक्कानंच मला एकदा गप्प केलं. म्हणाली, “माणसाची जात आणि कुत्र्याची जात एक करू नकोस. माणसाची जात काहीच सांगत नाही. हिची जात सांगते की. चिमणीएवढं कुत्रं चावलं तर टाका पडेल. ही चावली तर हात जाईल.” बरोबर होतं तिचं. रॉटवायलर मुळात जर्मनीतल्या रॉटवाइल गावचं, खाटकांची गुरं हाकणारं, गाडी ओढणारं कुत्रं. ताकद त्याच्या हाडात आहे. पण ताकद किती हे जात सांगते, चावेल का हे सांगत नाही. ते कुत्रं कुणी वाढवलं, कसं वाढवलं, यावर असतं.

कंग्राळीकडं एक घर बघितलं. मालकांनी फाटकाबाहेरच थांबवलं, “असलं डेंजर कुत्रं नको.” आणि त्यांच्याच अंगणात साखळीला बांधलेलं मुधोळ आमच्यावर झेपावत होतं. मुधोळ आपल्याच भागातलं. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानानं नावारूपाला आणलेलं शिकारी कुत्रं, २००५ मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं. गुणी जात. पण दिवसभर साखळीला बांधलं तर कुठलंही कुत्रं बिघडणारच. मालकांना त्यांच्या मुधोळाची भीती नव्हती, कारण त्याचं नाव कुठल्या यादीत नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. ही लपवली तर या लिखाणाला अर्थ नाही.

मे महिना निम्मा संपला होता. एजंट म्हणाला, “साहेब, रॉटवायलर कशाला सांगताय? लॅब मिक्स म्हणून सांगा. सगळे तेच करतात.” मी सांगितलं. भाग्यनगरात घर मिळालं, ॲडव्हान्स दिला. सामान हलवायच्या आधी अक्का आणि चिंगी घर बघायला आल्या. मालकांची आई, ऐंशीच्या पुढची, व्हरांड्यात बसली होती. चिंगीला बघून ती उठायला गेली आणि खुर्चीसकट कलंडली. लागलं नाही, खरं कापत होती. चिंगी जागची हललीही नव्हती. मालक आले, चिंगीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “ही लॅब?” एवढंच विचारलं. ॲडव्हान्स त्यांनी त्याच संध्याकाळी पुरता परत दिला. ते पैसे घेताना मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्या नकाराची वाटली नव्हती. पुढं खरं बोलून त्यांच्याकडं कुणी कुत्रं घेऊन आलं असेल तर त्याचंही दार मी बंद केलं.

त्या रात्री अक्का म्हणाली, “मी चिंगीला घेऊन कुठं तरी बघते. तुम्ही तुमचं घर बघा.” कुठं तरी म्हणजे कुठं, ते तिलाही माहीत नव्हतं. अशी ‘कुठं तरी’ गेलेली कुत्री मी पाहिलीयत. त्याच महिन्यात उद्यमबागेत एका बंद कारखान्याच्या फाटकाशी एक चांगलं पाळलेलं मॅस्टिफ बसलेलं असायचं. गळ्यात पट्टा तसाच, आणि प्रत्येक मोटारीकडं मान वळवायचं.

शेवटी घर मिळालं ते अनगोळात. मालकीण एकट्या काकू, वर त्या आणि आठ वर्षांचा नातू. मी फोनवरच सगळं सांगितलं, जात, वजन, भाग्यनगरची भानगडसुद्धा. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मला कुत्र्याची लई भीती हाय. गेल्या साली नातवाला रस्त्यावरचं कुत्रं चावलंय, इंजेक्शनं घेतलीत. म्हणून मी सगळं विचारणार. घेऊन या.”

आणि त्यांनी विचारलं. कुणाच्या हातचं खाते? खाताना जवळ गेलं तर गुरगुरते काय? झोपते कुठं? कधी कुणाला दात लावलाय? तुम्ही सगळे बाहेर गेलात तर कुठं असते? तुमच्या बहिणीला हिला आवरायला जमतं काय, की हीच त्यांना ओढते? शेवटच्या प्रश्नाला अक्कानं उत्तर दिलं नाही, चिंगीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. काकू जिन्यातून बघत होत्या.

मग अटी ठरल्या आणि करारातच लिहिल्या. रेबीजची लस दरवर्षी, आणि पुस्तिकेची झेरॉक्स काकूंना. नसबंदीचा दाखला. बाहेर नेताना आखूड पट्टा आणि तोंडाला जाळी, आपण बैलाला मुसकं घालतो तसली. फाटकाला दोन कड्या. काही नुकसान झालं तर भरपाई आमची. पहिले दोन महिने बघायचे, नाही जमलं तर भांडण न करता घर सोडायचं. एकही अट अन्यायाची नव्हती.

ऑगस्टमध्ये गोव्यात हणजुण्याला पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. इथून हणजुणं काही लांब नाही. त्या दिवशी काकू पेपर घेऊन खाली आल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या फक्त म्हणाल्या, “माझा नातू हिच्याजवळ एकटा कधी असायचा नाही. हे पण लिहा.” लिहिलं. अक्काला वाईट वाटलं काय, मी विचारलं. ती म्हणाली, “वाईट कशाला? त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.”

तर माझं मत.

घरमालकांनो, तुमची भीती खरी आहे आणि नाही म्हणायचा हक्कही तुमचा आहे. पण नाही म्हणायच्या आधी एकदा कुत्रं बघा, त्याला धरणारा माणूस बघा. काकूंनी विचारले ते प्रश्न विचारा. यादीतलं नाव बघून तुम्ही शांत कुत्र्याला नाकाराल आणि यादीत नसलेल्या, दिवसभर बांधलेल्या, चावऱ्या कुत्र्याला खुशाल घर द्याल.

कुत्रं पाळणाऱ्यांनो, जबाबदारी आपली जास्त. खोटं बोलू नका. लसीची पुस्तिका, नसबंदीचा दाखला, आधीच्या शेजाऱ्याचा फोन नंबर अशी फाईल करा आणि विचारायच्या आधी पुढं ठेवा. “आमचं काही करत नाही” हे वाक्य बंद करा. ४२ किलोच्या कुत्र्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकून धीर येत नाही. आणि कायदाही लक्षात ठेवा. आपल्या निष्काळजीपणानं आपल्या जनावराकडून कुणाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि फार्महाऊसच्या फाटकावर रुबाब म्हणून असली कुत्री आणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका आणू. तुम्ही ते बांधून ठेवता, ते बिघडतं, मग बातमी होते, आणि घर अक्कासारखीचं जातं.

परवा कराराची मुदत वाढवली. काकूंनी भाडं ५०० रुपयांनी वाढवलं, आणि म्हणाल्या, कुत्र्याचं नव्हं, पाण्याचं. चिंगीची भीती त्यांना अजून वाटते. जिना उतरायच्या आधी वरून हाक मारतात, “अक्का, धरलाय काय तिला?” अक्का पट्टा धरते आणि म्हणते, “धरलाय, या.”

तुमच्याकडं इंदूर, बडोदा, हैदराबादला काय अनुभव आहे, लिहा. माझं पटलं नसेल तर तेही लिहा.