अडवणाऱ्यांचा हिशेब

२०१२ सालच्या जानेवारीत मी मुलीकडे अमेरिकेत होतो. त्या महिन्याच्या ९ तारखेला तिथल्या कॉलेजांच्या फुटबॉलचा अंतिम सामना न्यू ऑर्लिन्सला व्हायचा होता. कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने मला टेलिव्हिजनपुढे बसवले.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे बरं का! इथे चेंडू बगलेत मारून पळायचे. चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचे. नाही जमले तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. अलाबामाने एलएसयूला २१–० असे हरवले.

"शून्य म्हणजे शून्य! आता आणखी कसला हिशेब?" मी म्हणालो.

"आजोबा, गुण सोडा. एलएसयूवाले मैदानाची मधली रेघ किती वेळा ओलांडू शकले, ते विचारा."

एकदा! साऱ्या सामन्यात फक्त एकदा, आणि तेही चौथ्या डावात. याच दोन संघांचा २०११ च्या ५ नोव्हेंबरचा सामना एलएसयूने जादा वेळेत ९–६ असा जिंकला होता. त्यात तर कुणालाच चेंडू घेऊन शेवटच्या रेघेपार जाता आले नव्हते. सगळे गुण लाथेने मारलेल्या गोलांचे.

त्या मोसमात अलाबामाने प्रतिपक्षाला सामन्यामागे सरासरी १८४ वारसुद्धा सरकू दिले नव्हते. देशात सर्वांत कमी! मी मान डोलावली. पण नातवाचे समाधान नव्हते. त्याचे म्हणणे असे, की 'सामन्यामागे' हा शब्दच फसवा. ओरेगनसारखा संघ त्या काळी चढाया इतक्या झपाट्याने उरकी, की त्याच्या बचावफळीला पुन्हापुन्हा मैदानात उतरावे लागे. जितके प्रयत्न अडवायचे जास्त, तितके वारही जास्त जाणार. म्हणून भागायचे सामन्यांनी नव्हे, प्रयत्नांनी. शिवाय पाहायचे, की समोरच्याची चढाई सुरू कुठून झाली. आपल्याच गड्याने आपल्या गोलाजवळ चेंडू गमावला, तर बचाववाल्यांचा काय दोष?

वाचकहो, इथे मात्र माझा चहा कपातच निवला.

कचेरीत मी शाखाप्रमुख असताना एका कारकुनाच्या टेबलावर नेहमी सर्वांत उंच ढीग असे. मी ढीग मोजला आणि त्याच्या गोपनीय अहवालात 'कामात मंद' असा शेरा मारला. त्याची बढती हुकली. आवक बारनिशी उघडली असती, तर दिसले असते, की सर्वांत जास्त कागद त्याच्याच टेबलावर जात होते. त्यांतले कितीतरी अर्धवट, दुसऱ्यांनी बिघडवून पुढे ढकललेले. शंभर कागदांमागे किती निकालात निघाले, हे मी कधी पाहिलेच नाही.

परत आल्यावर त्याचा पत्ता शोधून मी त्याच्या घरी गेलो. अलाबामापासून ओरेगनपर्यंत सारी कथा सांगितली आणि शेवटी, अडखळत, माझी चूकही.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. चहा पुढे केला आणि म्हणाला,

"साहेब, बारनिशी तेव्हाही तुमच्याच कपाटात होती."