हँडल आपल्या मापाचं

सायकल घेताना आपण रंग बघतो, गिअर मोजतो, भाव पाडतो. हँडलकडे मात्र बघतच नाही. दुकानदार सरळ दांड्याचं हँडल दाखवतो, ‘हल्ली हेच चालतं’ म्हणतो आणि आपण घेऊन येतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींची मनगटं महिन्याभरात दुखायला लागली, करंगळी बधिर झाली आणि सायकल गेली जिन्याखाली. वर ‘वय झालं गं आता’ हे आहेच!

मैत्रिणींनो, दोष दर वेळी वयाचा नसतो. सरळ हँडलवर अंग पुढे झुकतं, भार तळव्यांवर येतो आणि करंगळीकडची नस दाबली जाते. जुन्या लेडीज सायकलचं मागे वळलेलं हँडल आठवा. पाठ ताठ, मनगट सरळ. हॉलंडमध्ये आज्याही अशाच सायकली चालवतात. लांबच्या प्रवासाला फुलपाखराच्या आकाराचं हँडल मिळतं, त्यावर हातांची जागा बदलता येते.

विचित्र दिसेल म्हणता? स्कॉटलंडच्या ग्रेअम ओब्रीने १९९३ साली घरी बनवलेल्या सायकलवर तासाभरात ५१.५९६ किलोमीटर जाऊन विश्वविक्रम केला. हँडल असं, की हात छातीखाली दुमडलेले. सायकलला बेअरिंग वॉशिंग मशीनचं! १९९४ मध्ये त्या पद्धतीवर बंदी आली. आपल्यावर कोण घालणार?

मला वाटतं, आयुष्यभर आपणच सगळ्यांशी जुळवून घेतो. निदान हँडलने तरी आपल्याशी जुळवून घ्यावं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारा तरी. हँडल बदलायला सायकल बदलावी लागत नाही.