सुधारलेलं सिबिल कशासाठी?

गेल्या महिन्यात भर दुपारी फोन आला. पलीकडची मुलगी आदबीनं बोलत होती. "सर, तुमचा सिबिल स्कोअर आता खूप छान आहे. तुमच्यासाठी लाइफटाइम फ्री कार्ड मंजूर झालंय. लिमिट दीड लाख." मी नको म्हणालो. संध्याकाळी हे ऑफिसातल्या दोघा मित्रांना सांगितलं तर दोघेही माझ्यावर उखडले. एवढ्या खस्ता खाऊन स्कोअर वर आणलास आणि आता घास तोंडाशी आल्यावर ताट सरकवतोस? त्यांचं सगळं म्हणणं मी ऐकून घेतलं, चार दिवस त्यावर विचार केला. मत बदललं नाही. स्कोअर पुन्हा उभा केलेल्या हजारो घरांपुढे आज हाच प्रश्न आहे, म्हणून माझी बाजू सविस्तर मांडतो.

मी कुठून आलो ते आधी सांगायला हवं. २०२० च्या मार्चपर्यंत माझं एक कार्ड होतं आणि त्याचं बिल वेळेवर जात होतं. मग पगार निम्म्यावर आला. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची, आणि ती कार्डालाही लागू होती. हप्ता थांबला म्हणजे व्याजही थांबलं, असं मी धरून चाललो. व्याज चालूच होतं. सप्टेंबरपासून मी फक्त 'किमान देय रक्कम' भरू लागलो, पुढे तीही जमेना. वसुलीचे फोन घरच्या नंबरवर येऊ लागले. शेवटी तडजोड झाली, काही रक्कम सोडून देऊन बँकेनं खातं मिटवलं. आता सुटलात, असं वसुलीवाला म्हणाला होता.

वर्षभरानं सिबिलचा रिपोर्ट काढला आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. खात्याखाली मागच्या छत्तीस महिन्यांचे छोटे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात पैसे किती दिवस थकले होते तो आकडा. ०००, ०००, ०३०, ०६०, ०९०. एका ओळीत माझी ती दोन वर्षं उभी होती. वर शब्द होता 'सेटल्ड'. सोडून दिलेली रक्कम पुढे मी हप्त्याहप्त्यानं भरली, थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं आणि तो शेरा बदलून घेतला. मग चाळीस हजारांची एफडी ठेवून तिच्यावर तीस हजार लिमिटचं कार्ड काढलं. तेव्हापासून दर महिन्याचं बिल पूर्ण भरतोय. स्कोअर साडेसातशेच्या वर गेला तो असा.

आता मित्रांचा पहिला मुद्दा, आणि तो हिशेबाला धरून आहे. माझा महिन्याचा कार्डावरचा खर्च साधारण अठरा हजार. तीस हजारांच्या लिमिटवर तो साठ टक्के होतो, आणि लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापर असलेला बरा असं सगळेच सांगतात. दीड लाखाचं कार्ड जोडलं की एकूण लिमिट एक लाख ऐंशी हजार, आणि तेच अठरा हजार दहा टक्क्यांवर येतात. यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण तोच परिणाम नवं कार्ड न घेता मिळतो. बिल तयार व्हायची वाट न पाहता महिन्यातून दोन-तीनदा पैसे भरले की कार्डावर कधीच आठ-नऊ हजारांच्या वर उभं राहत नाही. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जदारांची माहिती दर पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं, त्यामुळे भरलेलं लवकर दिसतंही. एफडी वाढवून लिमिट वाढवता येतं, ते वेगळंच.

उलट नव्या कार्डाच्या अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते आणि नवं खातं आलं की खात्यांचं सरासरी वय उतरतं. स्कोअर थोडा खाली येतो. काही महिन्यांत भरून निघतो, हे मित्रांचं उत्तर मला मान्य आहे. पण त्याच काही महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज करायचा असेल तर? तीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठऐवजी नऊ टक्के दर लागला तर हप्ता महिन्याला साडेनऊशे रुपयांनी वाढतो आणि वीस वर्षांत सव्वादोन लाखांहून जास्त रक्कम जादा जाते. कार्डावरचे पॉइंट आणि विमानतळावरचा लाउंज किती वर्षांत तेवढे वसूल होतील?

दुसरा मुद्दा माझ्या काळजाला भिडणारा होता. "उद्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं तर? डिपॉझिट भरल्याशिवाय ॲडमिट करत नाहीत." खरं आहे. रात्री दोन वाजता काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाला कोणी व्याजदर शिकवू नये. पण त्या रात्रीनंतर काय होतं ते मी पाहिलंय. चाळीस हजार कार्डावर भरले. पुढच्या महिन्यात पूर्ण भरणं जमलं नाही. किमान रक्कम पाच टक्के धरली तर दोन हजार भरायचे. महिन्याला साडेतीन टक्के व्याजानं चौदाशे रुपये होतात, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे दोनशे बावन्न. म्हणजे दोन हजारांतले सोळाशे बावन्न व्याज आणि करातच गेले. मुद्दलातून फिटले तीनशे अठ्ठेचाळीस. शिवाय जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, मग किराणा भरला तरी त्याच दिवसापासून व्याज. अडचणीला दीड लाखाचं लिमिट उपयोगी पडतं ते फार तर एका बिलापुरतं. घरात आजारपण येऊ शकतं असं वाटत असेल तर आधी आरोग्य विमा आणि दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची वेगळी एफडी. एफडी मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं. कार्ड थकलं तर वर्षाला बेचाळीस टक्के जातात.

'फ्री' या शब्दाबद्दल फार बोलायला नको. फुकट असते ती वर्षाची फी. व्याज, उशिराचा दंड, रोख काढल्याचं शुल्क, त्यावरचा कर यातलं काहीच फुकट नसतं. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. व्याज किती लावायचं हे बँकेच्या हाती आहे.

तिसरा मुद्दा त्यांनी सहज बोलून टाकला आणि मला तोच सगळ्यात धोक्याचा वाटतो. "बँकच म्हणतेय तू लायक आहेस, मग तू कशाला शंका घेतोस?" ३०० ते ९०० मधल्या त्या एका आकड्याला आपण चारित्र्याचा दाखला करून टाकलंय. २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल पाहून ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. पण हा आकडा काय मोजतो? कर्ज देणाऱ्याचे पैसे परत येतील का, एवढंच. घेणाऱ्याच्या घरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मी फक्त किमान रक्कम भरत होतो ते महिने रिपोर्टमध्ये शोधा. तिथेही चौकोनात ०००च आहे, कारण मी 'वेळेवर' होतो. त्या वेळी घरात मुलीची फी थकली होती आणि बायकोची सोन्याची माळ गहाण पडली होती. बुडायला लागल्यावर कित्येक महिन्यांनी पहिला ०३० उमटला. म्हणून सांगतो, बँकेनं दिलेली लायकी ही बँकेच्या सोयीची मोजणी आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण लहानपणापासून ऐकतो. कार्डाचं लिमिट हे दुसऱ्याचं अंथरूण आहे आणि आपण आपले पाय त्याच्यावर मोजतोय.

मग कार्ड कात्रीनं कापून टाकायचं का? माझे काका तेच म्हणतात, आणि त्यांच्या पिढीच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरही असेल. पण जुन्या चुकीची ओळ हातानं खोडता येत नाही. तिच्यापुढे वेळेवर भरलेल्या महिन्यांची रांग लावावी लागते, आणि चालू खातं नसेल तर ही रांग लागणार कशी? एक लहान कार्ड, ठरलेले खर्च, बिल आलं की पूर्ण भरणा. मला सावरलं ते यानंच. त्या कार्डाला मी जपतो.

नवं कार्ड घ्यावं अशी एक परिस्थिती मला मान्य आहे. एफडीवरचं कार्ड हेच एकमेव खातं आहे, बारा महिने सलग बिल पूर्ण भरलंय, येत्या वर्षभरात मोठं कर्ज काढायचं नाही, आणि एफडीत अडकलेले पैसे खरोखर दुसरीकडे लागणार आहेत. अशा माणसानं एक साधं कार्ड घ्यावं, त्याचं लिमिट स्वतः सांगून कमी ठेवून घ्यावं, नवं नीट चालू लागल्यावर एफडीवरचं बंद करावं. यातलं एक जरी जुळत नसेल तर थांबावं. माझ्या बाबतीत मुलीचं शैक्षणिक कर्ज पुढच्या जूनमध्ये काढायचंय, म्हणून मी थांबलोय.

आणि कार्ड न मागता घरी आलंच असेल तर घाबरू नका. तुम्ही ते सुरू करेपर्यंत बँकेला त्या खात्याची माहिती सिबिलकडे पाठवता येत नाही. ३० दिवसांत सुरू केलं नाहीत तर बँकेला ओटीपीनं तुमची संमती विचारावी लागते, आणि संमती मिळाली नाही तर विचारल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत एक पैसाही न घेता खातं बंद करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत हे स्पष्ट लिहिलंय. तो ओटीपी देऊ नका.