ब्लॉकचा कारखाना टाकताय? आधी गवंडी शोधा

मागच्या आठवड्यात निफाड तालुक्यातला एक मुलगा भेटायला आला. माझ्या वर्गमित्राचा पुतण्या, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. पिशवीतून त्यानं दोन रंगीत माहितीपत्रकं आणि एक कोटेशन काढून टेबलावर ठेवलं. "काका, हलक्या ब्लॉकचा कारखाना टाकायचाय. पप्पा दीड एकर बाग विकायला तयार आहेत. तुम्ही पेपरवाले, तुम्हाला सगळं माहीत असतं. टाकू का?"

बाग म्हणजे द्राक्षबाग. निफाडच्या माणसाला बाग विकणं म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. त्यामुळे तोंडदेखलं "वा, छान" म्हणवेना. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण असं कोटेशन घेऊन फिरणारी पोरं आता बरीच दिसतात.

आधी हे मान्य करू की कल्पना वाईट नाही. एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे, म्हणजे राख दारात आहे. २०२६-२७च्या कुंभमेळ्याची कामं चालू आहेत. पाथर्डी फाटा असो की आडगाव, जिकडे बघाल तिकडे इमारती उभ्या राहताहेत आणि भिंतींत लाल विटेऐवजी पांढुरका ब्लॉक दिसतोय. सहा लाल विटांची जागा चार इंची एक ब्लॉक भरतो. सहा विटांचं वजन अठरा किलोच्या घरात, ब्लॉकचं आठ-नऊ किलो. इमारतीवरचा भार कमी, लोखंड कमी, काम लवकर. शिवाय विटेसाठी शेताची चांगली माती खरवडायला नको.

पण माहितीपत्रकात एक मेख असते. हलका ब्लॉक म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिला एएसी. यात ६०-७० टक्के राख, बाकी चुना, सिमेंट, जिप्सम आणि चिमूटभर अॅल्युमिनियमची पावडर. पावडरीमुळे गॅस तयार होतो आणि इडलीच्या पिठासारखं मिश्रण फुगून येतं. मग तारेनं कापून ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, १८० अंशांच्या आसपासच्या वाफेवर आठ-दहा तास शिजवतात. बाहेर येतो तो तयार माल. बॉयलर आणि ऑटोक्लेव्ह आले म्हणजे हिशोब कोटींत जातो.

दुसरा सीएलसी. सिमेंट, राख आणि पाण्यात फेस मिसळायचा, साच्यात ओतायचा. बॉयलर नाही, वाफ नाही. काही लाखांत शेड उभी राहते. पण हा ब्लॉक तीन-चार आठवडे पाणी मारून पिकवावा लागतो.

आता 'पीएमईजीपी' योजनेचा आकडा बघा. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा ५० लाख रुपये, ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के अनुदान. ५० लाखांत एएसी बसत नाही. त्यामुळे आपलं पोरगं आपोआप सीएलसीकडे जातं आणि बाजारात उतरल्यावर त्याची गाठ पडते ती एएसीच्या भावाशी. सीएलसी वाईट नाही. त्याला स्वतंत्र मानक आहे, आयएस २१८५ भाग ४. एएसीचं मानक भाग ३. पण "सगळे ब्लॉक सारखेच" असं समजून जो उतरतो तो बुडतो.

बुडालेला एक जण मी जवळून पाहिलाय. काही वर्षांपूर्वी सिन्नरच्या बाजूला एका तरुणानं अशीच शेड टाकली होती. उद्घाटनाची बातमी मीच केली. फीत कापताना फोटो, 'राखेतून रोजगार' असं हेडिंग. दोन वर्षांत शेडला कुलूप लागलं. त्याची बातमी कुणी केली नाही. मीही नाही.

नंतर एकदा चहाच्या टपरीवर भेटला तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. बँकेचा हप्ता महिन्याला यायचा आणि माल महिनाभर पाण्याखाली. मग सातव्या-आठव्या दिवशीच गाडी भरायला लागला. कच्चा ब्लॉक वाहतुकीत तुटायचा, भिंतीत गेला तर आकसायचा. ठेकेदाराकडे तीन-चार महिन्यांची उधारी. पण त्याच्या मते धंदा मोडला तो भिंतींना गेलेल्या चिरांमुळे, आणि त्या चिरांत अर्धा वाटा गवंड्याच्या हाताचा होता.

आमचा गवंडी लाल विटेवर शिकलेला. वीट भिजवायची, जाड मसाला टाकायचा, अर्धी लागली तर थापीनं तोडायची. हलक्या ब्लॉकला यातलं जवळपास काहीच चालत नाही. त्याला चिंब भिजवायचं नाही, फक्त पृष्ठभाग ओला करायचा. एएसीला तर खास चिकटमसाल्याचा तीन मिलिमीटरचा थर पुरतो. सिमेंटचा मसाला वापरला तर तो फार तगडा नको. ब्लॉक करवतीनं कापायचा. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी मारायची. ठरावीक उंचीवर काँक्रीटचा पट्टा घ्यायचा. हे केलं नाही की पहिल्या उन्हाळ्यात चीर जाते, आणि घरमालक गवंड्याला काही म्हणत नाही. म्हणतो, "ब्लॉकच बोगस होता."

गवंड्याला तरी दोष कसा देणार? त्याला कुणी शिकवलं?

इथे बी. जी. शिर्के आठवतात. साताऱ्याच्या पसरणीचा हा माणूस. १९७०च्या दशकात त्यांनी स्वीडनचं तंत्रज्ञान आणून पुण्यात 'सिपोरेक्स'चा कारखाना काढला. जुने ठेकेदार आजही एएसीला 'सिपोरेक्स'च म्हणतात. पण शिर्के मुळात बांधकामवाले. माल त्यांचा, इमारत त्यांची, कारागीरही त्यांनीच तयार केलेले. आपला मुलगा फक्त माल बनवणार. भिंत बांधणारे हात त्याच्या ताब्यात नाहीत.

राखेचाही भरवसा धरू नका. एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ मधले. वय झालंय. नव्या ६६० मेगावॅटच्या संचाची चर्चा आपण किती वर्षं ऐकतोय! २०२१च्या केंद्राच्या अधिसूचनेनं वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणण्याचं बंधन घातलंय, पण संचच बंद झाले तर कारखान्याची राख लांबून भाड्यानं आणावी लागेल. कर्ज सात वर्षांचं घेणार असाल तर राख किती वर्षांची आहे ते आधी लेखी विचारा.

प्रशासनाकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. एक, सातपूरच्या आयटीआयमध्ये ब्लॉकच्या बांधकामाचा आठ-पंधरा दिवसांचा वर्ग गवंड्यांसाठी सुरू करा आणि तेवढ्या दिवसांची मजुरी द्या, कारण रोज बुडवून कुणी शिकायला येणार नाही. दोन, कुंभाच्या आणि इतर सरकारी कामांत जो ब्लॉक लागेल त्याचा चाचणी अहवाल साइटवर लावा. म्हणजे पिकवून माल देणाऱ्याला भाव मिळेल आणि कच्चा विकणारा बाहेर पडेल. उद्योग वाढवायचा तर नुसतं अनुदान देऊन भागत नाही, बाजार सरळ ठेवावा लागतो.

त्या मुलाला मी म्हटलं, "बाबा, बाग राहू दे. एक वर्ष दुसऱ्याचा ब्लॉक विक. दोन चांगले गवंडी धर, त्यांच्याकडून दहा भिंती नीट बांधून घे. किती तुटतो, कोण पैसे थकवतो, चीर कुठे जाते, सगळं वहीत लिही. वर्षानंतरही वाटलं तर टाक कारखाना, मग बातमी मी करीन."

तो जरा हिरमुसला. कोटेशनची घडी घालून पिशवीत ठेवली. दारातून मात्र परत वळला. "काका, तो सिन्नरवाला... त्याचा नंबर मिळेल का?"

दिला.